क्रूझच्या केबिनमधला बंद एसी, आणि त्याचे पैसे कसे परत मिळवले

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ केली, मुद्दाम जास्त पैसे भरून बाल्कनीवाली केबिन घेतली आणि तिचा एसी ट्रिपभर धड चाललाच नाही. पैसे परत मिळाले, पण कसे मिळाले ते सविस्तर लिहितेय, कारण बरेच जण जहाजावरच हात टेकतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, सेटलमेंटमध्ये तसं ठरलंय.

बिघाड असा होता की बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर एसी आपोआप बंद होतो, बऱ्याच जहाजांवर दाराला तसा सेन्सर असतो. आमचा सेन्सर बिघडलेला, दार घट्ट लावून हँडल लॉक केलं तरी त्याच्या हिशोबाने दार उघडंच. टेक्निशियन यायचा, फ्रेमवरची पट्टी पुसायचा, दार जोरात ओढून लावायचा, गार हवा सुरू व्हायची आणि तो लिफ्टपाशी पोचायच्या आत परत बंद. मग मी ओढणीने हँडल आवळून खुर्चीच्या पायाला बांधायचे, तेवढ्यापुरतं चालायचं. रात्री थर्मोस्टॅटवर 31 आकडा. बाबांना बीपी आहे, ते रात्रभर कूस बदलत राहायचे आणि आई उशी घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसायची. जहाज फुल्ल, दुसरी केबिन नाही.

मी एक केलं, प्रत्येक वेळी रिसेप्शनला फोन न करता खाली जाऊन तक्रार नोंदवायला लावली, तिचा नंबर लिहून घेतला आणि थर्मोस्टॅटचा फोटो काढून तिथूनच कंपनीला मेल टाकला. शेवटच्या दिवशी त्यांनी 5,000 रुपयांचं क्रेडिट देऊ केलं, तेही जहाजावरच खर्च करायचं, आणि सोबत सही करायला फॉर्म, त्यात "फुल अँड फायनल" असं छापलेलं. बाबा म्हणाले, "सोड ना, घेऊन टाक." मी सही केली नाही. ती केली असती तर पुढे काही बोलायला जागाच उरली नसती.

घरी आल्यावर हिशोब मांडला. खिडकी नसलेल्या इनसाइड केबिनपेक्षा बाल्कनीचे 42,000 जास्त भरलेले, अधिक एसी बंद होता त्या रात्रींच्या भाड्याचा अर्धा हिस्सा, अधिक त्यावरचा जीएसटी. मानसिक त्रासाचे लाखभर लिहा असं ओळखीतले सांगत होते पण मला जे सिद्ध करता येईल तेवढंच मागायचं होतं. समुद्र खवळला, बेटावर नेणारी छोटी बोट सोडता आली नाही म्हणून उतरता आलं नसतं तर मी भांडलेच नसते, समुद्र कोणाच्या हातात नाही. सेन्सर दुरुस्त करणं मात्र त्यांच्या हातात होतं.

कंपनीचं उत्तर आलं की अटींनुसार केबिनमधल्या सुविधांची हमी नाही, आणि वाद असेल तर त्यांच्या हेड ऑफिसच्या शहरातल्याच कोर्टात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यावरही कंपनीने तेच उत्तर चिकटवलं. मग आर.पी.ए.डी.ने, म्हणजे पोचपावतीवाल्या रजिस्टर्ड पोस्टाने, नोटीस पाठवली, मुदत संपली, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आम्ही डोंबिवलीचे, म्हणून ठाण्यात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे हेड ऑफिसच्या शहराचा बाऊ करू नका. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, तक्रार करायची मुदत 2 वर्षं. बुकिंग एजंटलाही मी पार्टी केलं, कारण पैसे त्याच्या खात्यात गेले होते आणि पावती त्याची होती.

सगळ्यात डोकं खाल्लं ते कागदांनी. प्रतिज्ञापत्र, पानांवर नंबर, अनुक्रमणिका, आणि फोटो-मेल जोडायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, सर्टिफिकेट. माझं अपलोड एकदा परत आलं कारण स्कॅन पुसट होता. फोनमधले मूळ फोटो डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्यात तारीख-वेळ राहत नाही.

आयोगाची नोटीस गेल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यातच कंपनीच्या वकिलाचा फोन आला, आधी पुढच्या क्रूझवर डिस्काउंट, मग व्हाउचर. मी म्हटलं जे कार्डावरून घेतलं ते कार्डावरच परत द्या, आईला आता परत जहाजावर न्यायची माझी इच्छा नाही. शेवटी बाल्कनीचे पूर्ण 42,000 आणि रात्रींच्या भाड्यातले 25,000 ठरले. जीएसटी द्यायला ते तयार नव्हते, त्यावर मी अडून बसले आणि तोही मिळाला. पैसे खात्यात दिसल्याशिवाय तक्रार मागे घेणार नाही हे लेखी घेतलं होतं, आणि जमा झाले त्यानंतरच आयोगात पुरसिस, म्हणजे तक्रार मागे घेत असल्याचं लेखी निवेदन, दिली.