कॅमेरा कपाटातच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच. "एवढा देखणा कॅमेरा घेतलात, मग मंडईत फोनवरच फोटो का काढता?" कंजूषपणा म्हणा, पुणेरीपणा म्हणा. पेटीत ठेवलेली वस्तू नवी राहते, असं मला मनापासून वाटायचं.

राहत नाही. आधीच्या कॅमेऱ्याची लेन्स चामडी केससकट लाकडी कपाटात होती, जूनपासून थेट खंडेनवमीपर्यंत. पूजेला काढली तेव्हा वरून चकचकीत. उजेड आत सोडणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे तंतू. बुरशी. चामडं ओल धरून ठेवतं, बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि आर्द्रता आठवडेच्या आठवडे सत्तर टक्क्यांवर राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. सुरुवातीला फोटोत काही कळत नाही; वाढली की उजेडासमोरचे फोटो पांढुरके येतात. दुरुस्तीत लेन्स खोलून पुसली. तंतू गेले, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचं पातळ कोटिंग खाल्लं होतं, ते डाग राहिले. "उन्हात ठेवायची होतीत," असं सांगणारे तेव्हा बरेच भेटले. खाल्लेलं कोटिंग उन्हाने भरून येत नाही. उलट तापलेलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. (हळदकुंकूही पेटीलाच वाहा. पूड फोकस रिंगच्या फटीत जाते.)

नवा कॅमेरा म्हणून रबरी कडेच्या हवाबंद डब्यात. आत छोटा आर्द्रतामापक, 40 ते 50 टक्के. फार कोरडंही नको, रबर आणि ग्रीस सुकतं. ओल शोषणारं सिलिका जेल नारिंगी घ्या, रंग उतरला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नको.

म्हणजे पुन्हा डब्यातच की! हो. कॅमेरा न वापरायला हा डबा फारच शास्त्रीय सबब आहे, हे मला कळतं.

ओरखड्याचं म्हणाल, तर पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसतच नाही, मागच्या काचेवरचा दिसतो. मी मात्र रोज पुढचीच पुसायचो, आणि पुसण्यानेच ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड अगदी शेवटी.

"घरच्या लग्नात काढू" हेही माझंच वाक्य. बटणं अंधारात सापडत नसताना नवा कॅमेरा लग्नात? त्यापेक्षा पाताळेश्वरच्या लेण्यात जावं. काळ्या बेसाल्टपुढे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि दगड राखाडी येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे 1 केलं की काळा दिसतो. असे वीस फोटो काढले की बोट आपोआप डायलवर जातं.

विसर्जन मिरवणूक? नाही. झूम लेन्स लांब होताना आत हवा ओढते, हवेबरोबर गुलालही. तिथे अजून फोनच. भित्रा म्हणायचं तर म्हणा.