जिन्याखालचा पत्ता

बेघरांची गणना रात्रीच करावी लागते, कारण दिवसा ही माणसे बेघर म्हणून ओळखूच येत नाहीत. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरचा हमाल, लग्नाच्या हॉलमध्ये राबणारा वाढपी, कचरा वेचणारी आजी, हे सगळे दुकानांची शटरे पडल्यावर पायऱ्यांवर पथारी पसरतात आणि भाजीचे टेम्पो येण्याआधी ती गुंडाळून कामाला लागतात. २०११ च्या जनगणनेतही त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची एकच रात्र होती. त्या रात्री देशभरात १७ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. माझ्या मते हा आकडा अपुराच आहे, कारण जो आडोसा मोजणाऱ्याला ठाऊक नाही, तिथला माणूस कागदावर येतच नाही.

म्हणूनच आमच्या रात्रीच्या गणनेत सोबत या, म्हणून मी स्थानिक रहिवाशांच्या मागे लागते. गेल्या फेरीआधी नौपाड्यातील एका सोसायटीच्या सभेत एका सभासदांनी सरळ विचारले, "यादी झाली की गेटबाहेरचे लोक हलवणार ना? मग मी येतो." मी सांगितले की ही यादी उठवण्यासाठी नसून निवाऱ्यासाठी आहे, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले आहे, आणि ठाण्याची लोकसंख्या २०११ मध्येच १८ लाखांवर होती. या कागदामुळे कोणालाही उठवले जाणार नाही, असा शब्द मी भर सभेत दिला. त्यावर सहा जण तयार झाले. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या.

गणनेचे काही नियम आम्ही अनुभवातून शिकलो आहोत. झोपलेल्या माणसाला उठवायचे नाही, तोंडावर बॅटरी मारायची नाही, आणि एका गोधडीखाली किती जण आहेत हे पायांवरून मोजायचे. बाईंना हे दोनदा सांगावे लागले नाही. आमच्या नकाशात नसलेल्या एका बोळातून त्यांनी आम्हाला इमारतीच्या मागच्या जिन्याखाली नेले. तिथे विजेच्या मीटरांच्या पेटीला पाठ लावून एक माणूस बसला होता. आम्हाला पाहताच त्याने गाठोडे उचलले. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली धरून नेणाऱ्या गाडीचा धाक या लोकांच्या मनातून कधीच जात नाही, मग ते भीक मागत असोत वा नसोत.

"दादा, बसा. मी समोरच्याच बिल्डिंगमधली," बाई म्हणाल्या, आणि तो बसला. ओळखपत्र लटकवलेल्या आमच्यासारख्यांना हे क्वचितच जमते. त्याने प्लास्टिकच्या तीन पिशव्या एकातून एक सोडवत आधार कार्ड काढले. त्यावर केव्हाच पाडलेल्या एका चाळीचा पत्ता होता. "नाव लिहिल्यावर उठवणार नाही ना?" त्याने विचारले. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि सभेतले माझेच वाक्य त्याला ऐकवले.

बाराव्या दिवशी बाईंचा फोन आला. जिन्याखाली लोखंडी जाळी बसली होती, माणूस नव्हता, गाठोडेही नव्हते. "ताई, हे आपल्या कागदावरून झालं का?" त्यांनी विचारले. फॉर्म चौथ्याच दिवशी जमा झाले होते. मी संबंधित कार्यालयात जाऊन चौकशी केली, तेव्हा ते गठ्ठे अजून कोणी उघडलेलेही नाहीत, असे मला धीर देण्याच्या सुरात सांगण्यात आले. मला त्याने धीर आला नाही. कोणी पाहणारच नसेल, तर त्या माणसाला रात्री साडेबाराला पिशव्या सोडायला लावण्याचा मला काय अधिकार होता?

पुढच्या फेरीत फॉर्मवर फक्त गल्लीचे नाव लिहायचे आणि नेमकी जागा आमच्याकडच्या वेगळ्या वहीत ठेवायची, एवढा बदल मी करून घेतला आहे. सभेत पुन्हा तोच शब्द देता येईल का, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही. बाईंनीही अद्याप होकार कळवलेला नाही. रात्री जेवण झाल्यावर त्या बोळातून एक चक्कर मारून येतात, एवढेच त्यांनी मला सांगितले.