टिक वाजलंच नाही

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचलं की टिक करणारा पाना, टिक करेल म्हणून वाट बघत राहिलो आणि व्हॉल्व्ह कव्हरचा (इंजिनच्या वरच्या झाकणाचा) बोल्ट आधी लोण्यासारखा मऊ लागला, मग हातातच आला. अर्धा.

सेटिंग बरोबर होतं हो, १० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप). पण टॉर्क रेंच १० ते ११० वाला, म्हणजे मी अगदी तळाच्या आकड्यावर, तिथं क्लिक इतकं हलकं की लांब दांड्यामुळे हाताला कळतच नाही. शेजारचे काका म्हणाले, "अरे, याने चाकं आवळायची!"

खरंय. ६ मिमीच्या बोल्टला पाव इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतं ते चौकोनी टोक), ५ ते २५ वाला छोटा हवा होता. मी एकातच सगळं भागवायला गेलो आणि आता इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून तुकडा काढत बसलोय.

तुम्ही छोट्या बोल्टांना रेंच लावता की मनगटाचा अंदाज?