कुंझुमनंतर "नुसता उतार" नाही: काझा ते मनाली सायकलवरून

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझ्यात ज्याला विचारावं तो एकच सांगत होता: कुंझुम खिंड चढलात की संपलं, पुढे मनालीपर्यंत नुसता उतार. मुक्कामाच्या मालकाने सांगितलं, जीपवाल्यांनी सांगितलं, मनालीकडून मोटरसायकलवर आलेल्या पोरांनीही सांगितलं. इंजिन असलेल्या माणसाने सायकलस्वाराला दिलेला सल्ला किती महागात पडतो ते कुंझुम उतरल्यावर लागणाऱ्या बातलच्या पुढे कळतं. म्हणून हा वृत्तांत प्रामुख्याने बातल ते रोहतांगच्या पायथ्याचं ग्रांफू या साधारण ५० किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल आहे.

शिमल्याहून काझ्यापर्यंतच्या प्रवासावर फार लिहीत नाही. सतलजच्या काठाने रामपूर, किन्नौर, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून वर नाको, ताबो, काझा. चढ आहेत, पण बहुतेक ठिकाणी डांबर आहे, रोज खायला-राहायला मिळतं आणि उंची हळूहळू वाढत जाते. ताबोचा मठ इ.स. ९९६चा आहे, त्याला अर्धा दिवस द्या. बास. ज्याला घाट चढायची सवय आहे त्याला इथे अडचण येणार नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: स्पिती करायची तर शिमल्याकडूनच आत शिरा. मनालीकडून आलात तर शरीराला उंचीची सवय व्हायच्या आत रोहतांग खिंड आणि लगेच साडेचार हजार मीटरच्या वरचं कुंझुम अंगावर येतं, तेही या खराब पट्ट्यातून सायकल ढकलत. बातलला डोकं धरून बसलेले दोघे सायकलस्वार आम्हाला भेटले, ते मनालीकडूनच आले होते. त्यांना आम्ही उलट खाली जायला सांगितलं. डोकं दुखून उलट्या होत असतील तर वर चढायचं नाही, यावर चर्चाच नको.

काझा ते लोसर ५७-५८ किलोमीटर. दुपारनंतर खोऱ्यात वारा इतका वाढतो की सपाटीवरही सगळ्यात हलका गिअर लावावा लागतो, म्हणून सकाळी लवकर निघा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत लोसर गाठा. लोसरला राहायची सोय चांगली आहे. तिथून कुंझुम १८-१९ किलोमीटर. चढ लांब आहे, पण कुठेही क्रूर नाही. खिंडीत पताका, छोटं मंदिर आणि समोर बर्फाचे सुळके. मी तिथे पोचल्यावर मोठ्याने ओरडलो, आणि आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. पण वर फार रेंगाळू नका. बातलपर्यंतचा ११-१२ किलोमीटरचा उतार खडीचा आणि वळणांचा आहे, ब्रेक तापतात, आणि त्या दिवशी अंगात शिल्लक ठेवायची ताकद उद्यासाठी हवी आहे.

बातलच्या आधी चंद्रताल या तळ्याचा फाटा लागतो. हाताशी जास्तीचा दिवस असेल तरच वळा. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, तंबूंची वस्ती तळ्यापासून दूर आहे, त्यामुळे "सहज जाऊन येऊ" असं तिथे होत नाही.

आता मूळ मुद्दा. बातल साधारण ३,९५० मीटरवर, ग्रांफू ३,२०० मीटरच्या आसपास. म्हणजे ५० किलोमीटरमध्ये सातशे-साडेसातशे मीटर उतार. नकाशावर ही रेघ फार मोहक दिसते. प्रत्यक्षात पहिले ३२ किलोमीटर, छत्रूपर्यंत, रस्ता म्हणजे चंद्रा नदीने आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा थर आहे. नारळाएवढे गोल दगड, सुटे, त्यात मध्येच वाळू, आणि कितीतरी ठिकाणी रस्त्यावरूनच वाहणारं पाणी. उतारावर पेडल न मारता सायकल सोडायची म्हटलं तर पुढचं चाक दगडात अडकतं. त्यामुळे उतार असूनही प्रत्येक मीटर पायाने कमवावा लागतो. ताशी ५-६ किलोमीटर हा चांगला वेग समजा. वाटेतल्या छोटा दडा या ठिकाणाच्या अलीकडे काही तुकडे असे आहेत की चालत ढकलणं चालवण्यापेक्षा जलद होतं.

मोटरसायकलवाला हे दोन-तीन तासांत पार करतो आणि "थोडा खराब आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नाही, पण त्याच्या अंदाजाला सायकलसाठी शून्य किंमत द्या. सायकलवरून हा पट्टा ओलांडलेल्या माणसालाच विचारा.

नाले हा दुसरा भाग, आणि इथे वेळ हेच सगळं. पाणी वरच्या बर्फाचं आहे. ऊन चढतं तसा बर्फ वितळतो, आणि दुपारी ते संध्याकाळ नाले सगळ्यात जास्त भरतात. पहाटे तेच नाले घोट्यापर्यंत असतात. आम्ही बातलहून उजाडताच निघालो तरी शेवटचा मोठा नाला गाठेपर्यंत दोन वाजून गेले होते आणि पाणी मांडीला लागत होतं. पाण्याचा रंग राखाडी, तळ दिसत नाही, पायाखाली दगड सरकत असतात, आणि थंडी अशी की काही सेकंदांत पावलं बधिर होतात. पॅनिअर (कॅरियरला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या) काढून आधी पलीकडे नेऊन ठेवा, मग सायकल न्या. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे पाण्याने ती ओढली तरी तुमच्या अंगावर येणार नाही. बूट काढू नका, फक्त मोजे काढा. अनवाणी जाणाऱ्याचा अंगठा तिथे फुटतोच. पाणी मांडीच्या वर असेल तर थांबा, एखादी जीप येईपर्यंत थांबा, नाहीतर परत मागे जाऊन सकाळी या. मनालीची बस चुकली तर दुसरी मिळते.

छोटा दडाच्या जवळ माझ्या जोडीदाराची सायकल दगडावर आडवी पडली आणि डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो ती पट्टी) वाकून चेन चाकात गेली. तेवढ्यात एक रिकामा पिकअप आला. ग्रांफूच्या खालच्या खोकसर गावापर्यंत दोन सायकली आणि दोन माणसं न्यायचे त्याने ८,००० रुपये मागितले आणि वर म्हणाला, इथे दुसरी गाडी मिळणार नाही. आम्ही नाही म्हटलं. जवळ सुटा हँगर होता, अर्ध्या तासात बसला. संध्याकाळी छत्रूच्या ढाब्यावर कळलं की आदल्या दिवशी दुसऱ्या सायकलस्वारांना काझ्याहून येणाऱ्या जीपने त्याच ठिकाणाहून निम्म्याहून कमी पैशांत नेलं होतं. अडलेल्या माणसाकडून असे पैसे उकळणं हा मला त्या दिवशीचा सगळ्यात वाईट अनुभव वाटतो, नाल्यांपेक्षाही. म्हणून गाडी लागणारच असेल तर भाव बातलच्या किंवा छत्रूच्या ढाब्यावर चार माणसांसमोर ठरवा, रस्त्यावर एकटं असताना नाही.

सामान: तुमच्या सायकलच्या मॉडेलचाच हँगर, एक नाही दोन. चेनची जोडकडी. ब्रेक पॅडची एक जादा जोडी, कारण ओल्या वाळूने ते फार लवकर झिजतात. टायर किमान २.१ इंच रुंद, ट्यूबलेस असेल तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा कमी. पुढे सस्पेन्शन हवंच. पातळ टायरची टूरिंग सायकल घेऊन इथे येऊ नका, मग बाकी प्रवासात ती कितीही वेगाने धावो. कॅरियरचे स्क्रू दर तासाला हाताने तपासा, आमच्या एका पॅनिअरचा हूक हादऱ्यांनी निघून पडला. मूठभर झिप टाय जवळ असू द्या. लोसर सोडल्यावर आमच्या फोनला रेंज अजिबात नव्हती, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा.

या सगळ्या धडपडीत मान वर करून बघायला विसरू नका. नदीपलीकडे बडा शिग्री आणि छोटा शिग्री या हिमनद्या आहेत, आणि ज्या चंद्रेच्या काठाने तुम्ही सायकल ढकलता ती पुढे तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते. मला हे खोरं अख्ख्या स्पितीपेक्षा जास्त आवडलं.

छत्रूला मुक्काम कराच. तंबू किंवा ढाब्याची खाट, राजमा-चावल, लवकर झोप. एका दिवसात बातलहून मनाली गाठायचा बेत आखणाऱ्यांनी तो आत्ताच फाडून टाकावा. छत्रू ते ग्रांफू १७ किलोमीटर, तेही खराब, पण आदल्या दिवसानंतर सुसह्य वाटतात.

ग्रांफूला निर्णय घ्यावा लागतो. सरळ खाली अटल बोगद्याच्या बाजूला खोकसर, नाहीतर डावीकडे रोहतांग, ३,९७८ मीटर. म्हणजे "नुसत्या उताराच्या" शेवटी साधारण १५ किलोमीटरमध्ये पावणेआठशे मीटर चढ उभाच आहे. पाय शिल्लक असतील तर रोहतांगच घ्या. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लेहकडची वाहतूक तिकडून जाते, आणि ग्रांफूकडच्या या चढावर ट्रकच्या धुराशिवाय सायकल चालवता येते. माथ्यावर मात्र मनालीकडून आलेल्या पर्यटक गाड्यांची गर्दी असते. तिथून मनाली ५१ किलोमीटर, गुळगुळीत डांबरी उतार. गाड्या वळणावर आपली बाजू सोडून येतात, तेव्हा वेग आवरा, आणि झिजलेले ब्रेक पॅड वरच बदलून मग खाली सुटा.