100 मीटरवर: नॉब फिरवायचा की खुणेने धरायचं?

पॉइंट टू-टू (.22) रायफल 50 मीटरवर झिरो केली, म्हणजे स्कोपच्या (वरच्या दुर्बिणीच्या) क्रॉसवर गोळी लागेल अशी जुळवली, की 100 चा प्रश्न येतोच: स्कोपचा नॉब फिरवून क्रॉस सरकवायचा, की आतल्या खालच्या खुणेवर लक्ष्य धरायचं? 40 ग्रेन वजनाची, सेकंदाला 1070 फूट वेगाची स्टँडर्ड गोळी तिथे वीसेक सेंमी खाली लागते. मिल हे कोनाचं माप; 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंमी, तेव्हा हे 2 मिल झाले. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, पण एवढ्या अंतरात हवेच्या विरळपणाने नॉबच्या एका क्लिकचाही (0.1 मिल) फरक पडत नाही. स्कोप रायफलीच्या नळीच्या किती वर बसलाय याने मात्र पडतो.

मी आधी नॉब तपासला. बोल्ट काढून रायफल बाकावर घट्ट आवळली, 50 मीटरवर ओळंब्याला धरून टेप टांगली आणि 10 मिल फिरवले. क्रॉस 50 सेंमी सरकायला हवा, 48 सरकला. 2 मिलवर ही चूक एका क्लिकहून कमी, म्हणून सोडून दिली. क्रॉस टेपपासून बाजूला जाऊ लागला तर स्कोप रिंगमध्ये तिरका बसलाय असं समजा. शून्यावर आणल्यावर तो मूळ जागी येतो का, हे मी तीनदा बघतो; न येणारा स्कोप फिरवायच्या कामाचा नाही.

खुणेने धरण्यात फसगत वेगळी. माझा स्कोप 6-24 झूमचा, रेटिकल (आतला क्रॉस आणि खुणा) दुसऱ्या फोकल प्लेनमधलं, म्हणजे झूम बदलला तरी खुणा दिसायला तेवढ्याच राहतात. खुणा फक्त 24 वर खऱ्या. 12 वर दुसरी खूण 4 मिलची होते आणि गोळी 20 सेंमी वर जाते. दुपारी मृगजळ उठलं की हात आपोआप झूम कमी करतो, आणि घोळ तिथेच होतो. काही स्कोपात तर रेटिकल मिलचं आणि नॉब पाव एमओएचा (हे कोनाचं दुसरं माप): 2 मिलसाठी 28 क्लिक मोजत बसा!

म्हणून उंची मी नॉबवरच घेतो: 20 क्लिक. 50 वर परतताना ते उतरवायला विसरलं तर गोळी 10 सेंमी वर.

वारा मात्र नॉबवर घेत नाही. ताशी 16 किमीचा आडवा वारा 100 मीटरवर साधारण 1 मिल ढकलतो. पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याने उसाचे शेंडे वाकतात, आणि क्लिक मोजून होईपर्यंत सरळही होतात. तिथे आडवी खूणच बरी.

50 आणि 100 एकाच फेरीत, वेळ लावून मारायचे असतील तर उंचीही खुणेवर घेतो; झूमची रिंग 24 वर चिकटपट्टीने बांधून.