आधीच सही केलेल्या अकरा झेरॉक्स

सदाशिव पेठेत माझे करसल्ल्याचे छोटे कार्यालय आहे आणि जुलै महिन्यात तिथे मान वर करायलाही फुरसत नसते. २०२३ च्या जुलैमध्ये, ३१ तारखेची मुदत आठवड्यावर आली असताना, मला शाळेत शिकवलेल्या बाई विवरणपत्र भरून घ्यायला आल्या. निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे व्याज एवढेच त्यांचे उत्पन्न असल्याने काम दहा मिनिटांत उरकेल, असे मी धरून चाललो होतो.

आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्यांचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे त्यांच्या पॅनवर इतरांनी कळवलेल्या व्यवहारांची यादी, उघडले आणि व्याजाच्या नोंदींखाली मला कमिशनची एक नोंद दिसली. परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीने बाईंना ३ लाख ६० हजार रुपये दिले होते आणि त्यावर १८ हजारांचा कर कापला होता.

"बाई, तुम्ही कुणाची एजन्सी घेतली आहे का?"

"अरे, मी ७१ वर्षांची आहे. जिना चढताना धाप लागते, एजन्सी कुठली घेते!"

खोटा खर्च दाखवून नफा कमी करण्यासाठी परक्याचा पॅन वापरला जातो, हे आमच्या व्यवसायात सर्वांना माहीत असते. कापलेला कर आपल्या खात्यावर जमा दिसतोच, तर तो वळता करून घ्यावा, असा सल्ला देणारेही भेटतात. मला तो धोक्याचा वाटतो, कारण त्या कराचे श्रेय घेतले की उत्पन्न आपलेच असल्याची कबुली दिल्यासारखे होते. मी त्या नोंदीवर 'ही माहिती माझी नाही' असा अभिप्राय नोंदवला आणि विवरणपत्रातून ती वगळली.

पण पॅन एका ठिकाणी वापरला गेला असेल, तर दुसरीकडेही वापरला गेला असणार, ही शंका मला स्वस्थ बसू देईना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडून, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. बाईंनी आयुष्यात कर्ज काढले नव्हते, म्हणून तो कधी पाहिलाही नव्हता. त्या अहवालात त्यांच्या नावावर मोबाइल अ‍ॅपवरून काढलेली दोन कर्जे होती, एक ४० हजारांचे आणि दुसरे २५ हजारांचे. दुसऱ्याचे हप्ते पाच महिन्यांपासून थकले होते. नाव, जन्मतारीख आणि पॅन बाईंचे होते, मोबाइल क्रमांक आणि पत्ता मात्र परका होता. वसुलीचा एकही फोन त्यांना का आला नाही, ते तेव्हा उमगले.

कागद कुणाकुणाला दिले होते, असे मी विचारले, तेव्हा बाईंनी पर्समधून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. तिच्यात अकरा झेरॉक्स होत्या. प्रत्येक पानावर वर आधार, खाली पॅन आणि कोपऱ्यात बाईंची सुवाच्य, वळणदार सही. "ऐन वेळी धावपळ नको, म्हणून सह्या आधीच करून ठेवते," त्या म्हणाल्या. सिमकार्ड, सोसायटी, यात्रा कंपनी, प्रदर्शनातली भेटवस्तूची योजना, सगळीकडे त्यांनी एकेक पान दिले होते. त्यांच्या नीटनेटकेपणाला दोष देणे मला जमले नाही. पान घेणाऱ्यांपैकी एकानेही ते का हवे आणि काम झाल्यावर त्याचे काय होणार, हे त्यांना सांगितले नव्हते.

आणि घेणाऱ्यांत मीही होतो. माझ्या मागच्या लोखंडी कपाटात बाईंच्या अशाच सहा वर्षांच्या प्रती होत्या, आणि त्याआधीच्या वर्षांच्या प्रती आमच्या माणसाने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला किलोवर घातल्या होत्या. हे मी बाईंना त्याच वेळी सांगितले. सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीची प्रत जोडून पतमाहिती कंपनी आणि कर्ज देणाऱ्या दोन्ही संस्थांना पत्रे पाठवली. एक कर्ज महिन्याभरात अहवालातून निघाले, दुसऱ्यासाठी सात महिने पाठपुरावा करावा लागला.

कार्यालयात आम्ही कागद बारीक कापणारे यंत्र घेतले आणि अशिलांकडून शेवटचे चारच अंक दिसणारे आधार घेऊ लागलो. पुढच्या जुलैत बाई एकच झेरॉक्स घेऊन आल्या. तिच्यावर तिरक्या, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिले होते: 'फक्त विवरणपत्रासाठी', खाली तारीख आणि माझ्या कार्यालयाचे नाव. काम झाल्यावर त्यांनी ती परत मागून घेतली.