मोठा आकडा आला की सुरुवात कुठून करायची?

बेल्टमॅटिक खेळणारे मित्र मला फिरून फिरून एकच विचारतात: मधल्या केंद्राने पाच-सहा हजारांचा आडनिडा आकडा मागितला, की तू पहिलं यंत्र कुठे ठेवतेस?

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मी आधी यंत्र ठेवतच नाही. कागद घेते.

ज्यांनी हा 2024 साली आलेला खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नकाशावर ठिकठिकाणी लहान आकड्यांच्या खाणी असतात. तिथून आकडे उपसायचे, पट्ट्यावर सोडायचे, वाटेत बेरीज-गुणाकाराच्या यंत्रांतून काढायचे आणि हवा तो आकडा करून केंद्रात पोचवायचा.

समजा, 6173 हवाय. ही मूळ संख्या. तिचे अवयव पडतच नाहीत. नवखा खेळाडू इथेच अडतो. मी लगेच तिच्या शेजाऱ्यांकडे बघते. पुढचा शेजारी 6174, म्हणजे देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर यांचा स्थिरांक! (चार अंकी आकड्याचे अंक, सगळे सारखे नसतील तर, उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हाच येतो.) आणि त्याचे अवयव किती देखणे: 7 × 7 × 7 × 9 × 2. चार गुणाकार, शेवटी 1 वजा, काम झालं. वजाबाकीच्या यंत्रात कोणता आकडा कोणत्या तोंडातून जातो तेवढं मात्र दोनदा तपासा.

शेजारीही कामाचे निघाले नाहीत तर 9 ने भागत सुटायचं. 6173 ला 9 ने भागलं तर 685 आणि बाकी 8. 685 चे 76, बाकी 1. 76 चे 8, बाकी 4. आता उलट चालायचं: 8 ला 9 ने गुणा, 4 मिळवा, पुन्हा 9 ने गुणा, 1 मिळवा, पुन्हा 9 ने गुणा, 8 मिळवा. सहा यंत्रं लागली. पण या रीतीने कुठलाही आकडा हमखास बनतो, कारण बाकी कधीच 8 च्या वर जात नाही. बाकी शून्य आली तर बेरजेचं एक यंत्र वाचतं. भागाकार कागदावरच करायचा, नकाशावर फक्त गुणाकार आणि बेरीज.

वर्गाचा मोह मलाही पडतो, आणि तो पडावाच. 2024 हवा असेल तर 5 × 9 करून 45, त्याचा वर्ग 2025, त्यातून 1 वजा. फक्त तीन यंत्रं! (45 ही कापरेकर संख्याच: तिच्या वर्गाचे दोन तुकडे, 20 आणि 25, मिळून पुन्हा 45. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खेळ थांबवून कागदाकडे बघत बसले होते.) पण 45 ला 45 नेच गुणायचं म्हणजे पट्टा दुभागावा लागतो. मिनिटाला 60 पंचेचाळीस येत असतील तर वर्ग निघतील 30 च. यंत्रं कमी झाली तरी खाणीवरचा भार कमी होत नाही. म्हणून दर वेळी यंत्रांबरोबर एका आकड्यासाठी किती आकडे उपसावे लागतात तेही मोजा. इथे पाच: दोन 5, दोन 9 आणि एक 1.

माल कमी पोचतोय असं दिसलं की केंद्रापासून मागे चालत या. जिथे यंत्राच्या मागे रांग तुंबलीय आणि पुढे पट्टा विरळ आहे, तिथेच अडचण. त्या यंत्राशेजारी तसंच दुसरं बसवा. सगळीकडे दुप्पट यंत्रं लावण्यात अर्थ नाही. वेग वाढवण्याच्या सुधारणाही मी हे पाहूनच निवडते: यंत्रांमागे रांग असेल तर यंत्रांचा वेग, पट्टे रिकामे असतील तर उपसण्याचा.

आणि चालू कारखाना मोडू नका. मी 6174 साठीचा 343 चा (7 × 7 × 7) पट्टा तसाच ठेवला होता. पुढे 4801 आला. 4802 म्हणजे 343 × 7 × 2. जुन्या पट्ट्याला फाटा काढला, तीन यंत्रं जोडली आणि चहा निवायच्या आत केंद्रात 4801 पडायला लागले.